डेलची साठ वासरं

नाही म्हणालीस? तोंडावर? — डेलला? अगं कादंबरी, तुला इथं येऊन जेमतेम सहा महिने झालेत, अख्ख्या काउंटीत गुरांचे डॉक्टर दोन — मी, आणि माझ्या हाताखाली तू — आणि तू रँचरचा भरपाईचा फॉर्म सही न करता परत देतेस! बस. आधी बस. कोट राहू दे. वादळात साठ वासरं गेली म्हणतो ना तो? मग गेली. सरकार त्याला पाऊण किंमत भरून देणार, आपण फक्त 'बर्फाच्या वादळानं मेली' असं लिहून खाली सही ठोकायची. तुझ्या खिशातून जातंय काही? नाही ना?

एकोणीसच दिसली. हो, ऐकलं, एकोणीस. मीही असाच होतो — पाहीन तेवढंच लिहीन! इथल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात रूथ नावाची बाई आली, नवरा गेलेला, एकटी रँच चालवायची, म्हणाली एकतीस गेली. मी बर्फात दिवसभर फिरलो, मोजली — आठ. आठच लिहिली. काय अभिमान वाटला स्वतःचा! तुझ्या सुहासिनीकाकूला भारतात फोन करून सांगितलं, बघ, इथंही आपण खोटी सही करत नाही म्हणून. आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तर तिच्या ओढ्यात — तेवीस. वाऱ्याच्या आडोशाला जाऊन बसलेली, एकाला एक चिकटून, वर बर्फ साचलेलं. आठ आणि तेवीस किती? हां. पण तोवर भरपाई अपुरी पडून तिनं गाई विकल्या होत्या. मला रस्त्यात भेटली तर — हसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! तेव्हापासून मी ठरवलं, रँचर सांगेल तो आकडा. सत्तावीस वर्षं झाली.

आणि मग काय — मऊ लागलं की कोपरानं खणतात लोक! पाऊस पडला नाही, चेक. कुरण वाळलं, चेक. वादळ शेजारच्या काउंटीत झालं तरी मेली यांची वासरं! आणि हाच डेल रोज सकाळी कॅफेत बसून फूड स्टँपची सरकारी कुपनं घेणाऱ्या पोरींना नावं ठेवतो — सरकारच्या जिवावर जगतात म्हणे! वर माझ्या पाठीवर थाप — डॉक, तू आमच्यातलाच! आणि मी हसतो. बावळटासारखा हसतो, कॉफी पितो, सही करतो. मला काय कळत नाही? मूर्ख समजतो का तो मला? साठ म्हणे! येतील कुठून साठ? ऑक्टोबरमध्ये त्याची एकूण एक गाय मी तपासलीय, खांद्यापर्यंत हात घालून, गाभण निघाल्या चव्वेचाळीस — चव्वेचाळीस गाईंची साठ वासरं मेली कशी?

काय? नाही, म्हणजे — तसं नव्हतं म्हणायचं मला. जुळी होतात कधीकधी. होतात की! कुठं चाललीस? ती तपासणीची वही कशाला काढतेस? कादंबरी, ठेव. ठेव म्हणतो. तुझा व्हिसा या क्लिनिकच्या नावावर आहे, विसरू नकोस — नाही, धमकी नाही देत. देतोय! हो, देतोय, तुझ्या बापाच्या वयाचा माणूस तुला धमकी देतोय, कारण त्या वहीत अक्षर माझं आहे आणि सगळ्या फॉर्मांवर सह्या माझ्या आहेत, कळलं?

वही छातीशी धरलीस. तरी सोडत नाहीस. एकोणीस म्हणजे एकोणीस, म्हणतेस?

मग एकच कशाला नेतेस? खालच्या ड्रॉवरमध्ये आधीच्या सव्वीस वर्षांच्या आहेत. ने सगळ्या. ती पिशवी घे, फाटकी नको, दुसरी — आणि माझ्याकडे बघत उभी राहू नकोस. नीघ. नीघ म्हणतो ना!