विहिरीच्या कठड्यावर उभा राहिलेला आनंदा

मंडळी, बसून घ्या. उन्हात उभं राहू नका, विहाराच्या सावलीत या. आनंदाच्या घरच्या, आपल्या वहिनी, समोर बसल्यात. त्यांच्याकडं बघून मला बोलता येणार नाही, म्हणून तुमच्याकडं बघून बोलतो. आणि खरं सांगू? तुमच्यातल्या काहींकडं बघून आज किळस येते.

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर माझं चहाचं हॉटेल, त्याला लागून आनंदाचं टेलरिंगचं दुकान. बाहेर एक फळा. रोज सकाळी खडूनं त्यावर तो स्वतःच्या दोन ओळी लिहायचा. एकदा मी देवदर्शन करून आलो आणि आल्या आल्या गिऱ्हाइकावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर:

चपला बाहेर काढल्यास, बरं केलंस;
मनाचा चिखल कोणत्या पायरीवर काढलास?

मी भडकलो. "माझ्यावर लिहितो व्हय रं?" तो सुई ओवत म्हणाला, "दोस्तावर नाय लिहायचं, तर कुणावर? परका रुसला तर दुकान बदलंल. तू रुसशील, अन् चहा पाठवशील."

पाठवला. काय करणार?

मग ती विहीर. उसात बिबटे आलेत हे तुम्हाला काय सांगायचं! मळ्यातल्या विहिरीत एक मादी पडली. कपारीला नखं रोवून, निम्मी पाण्यात. पिंजरा येईपर्यंत जत्रा भरली. नारायणगावाहून जीपा भरून माणसं आली. भेळेची गाडी आली. भेळ, मंडळी! आणि दगड सुरू झाले. नेम लागला की टाळ्या. ती मादी ओरडायची, आणि वर माणसं हसायची.

आनंदा कठड्यावर चढला. हात पसरले. म्हणाला, "मारायचं तर मला मारा. तिला वर येऊन तुमाला इचारता येत न्हाई."

कुणीतरी ओरडलं, "ए टेलर, तुझं पंचशील तुझ्या घरी!"

दगड आला. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. मी खाली ओढत होतो, तो हलला नाही. पिंजऱ्यातून ती वर आली, तेव्हाच उतरला. दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी, आणि फळ्यावर:

पोट भरलं की बिबट्या सावली शोधतो;
पोट भरलं की माणूस दगड.

हे झोंबलं. माणसाला दगड झोंबत नाही, ओळी झोंबतात. त्याला नाव पडलं, 'बिबट्याचा सोयरा'. पुढं वस्तीवर बिबट्यानं बकरी मारली, तर काही शूरांनी ती अर्धी खाल्लेली बकरी आणून दुकानाच्या पायरीवर टाकली. माश्या, घाण, आतडी. आणि भोवती उभं राहून खिदळत होते. त्यांत गळ्यात माळ घातलेले होते. अहिंसेवर भाषण करणारेही होते. श्रद्धा गळ्यात होती राव, खाली उतरलीच नव्हती.

बकरी ठकूबाईंची होती. त्या धावत आल्या. पदर खोचला, बकरी बाजूला घेतली आणि माझ्याकडून बादली मागून ती पायरी धुतली. म्हणाल्या, "बकरी माझी गेली. रडायचं मी. तुमी कशापाई नाचताय?"

एकेक जण मागच्या मागं पांगला.

त्यानंतर गिऱ्हाइकं तुटली. आनंदा फळा लिहीत राहिला. काविळीनं शेवटचं अंथरूण धरलं, तेव्हा मी विचारलं, "माणसांचा वीट नाय येत तुला?"

"येतो की," म्हणाला. "पण वीट आला म्हणून चांगलं वागायचं सोडलं, तर त्यांच्यात अन् आपल्यात फरक काय ऱ्हायला?"

तो तसा होता. मी तसा नाही. आज स्टँडवर फ्लेक्स लागलाय, 'भूतदयेचा महामेरू'. त्याचा फोटो एवढासा, खाली नेत्यांचे चेहरेच चेहरे. त्यातल्या एका चेहऱ्यानं त्या बकरीची तंगडी धरली होती. तो पुढच्या रांगेत हार घेऊन बसलाय. वहिनी म्हणाल्या, "नाव घेऊ नका, भाऊजी." म्हणून वाचलात, पावणं. हार मांडीवरच ठेवा.

ठकूबाई, दाराशी कशाला बसलात? पुढं या. पहिलं फूल तुमचं.

आता सगळे उभे राहू. कुणी कुजबुजू नका, घसे खाकरू नका. थोडा वेळ नुसतं गप्प राहू.

आनंदा, रोज सकाळी तू मला रामराम घालायचास आणि मी तुला जयभीम. आज तुझ्या वाटचंही मलाच म्हणायचंय.

रामराम, गड्या. जयभीम.