रेशीमवर ठेवायचा पट्टा

आई : म्हणजे चांगली चालती इस्त्री तू उघडलीस, तिचं आतडं काढलंस आणि ते लेकीच्या पोटावर बांधलंस.

बाबा : आतडं नाही, थर्मोस्टॅट. आणि इस्त्री चालती नव्हती, अडखळत होती.

आई : महिनाभर मी परगावी शाळा तपासत हिंडतेय, आणि घरी हे. कुठंय तो पट्टा?

बाबा : डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतला.

आई : डॉक्टरपर्यंत गेलं प्रकरण? आणि फोनवर रोज ‘सगळं ठीक’?

बाबा : फोनवर सांगितलं असतं तर तू तपासणी टाकून आली असतीस आणि इथे आमची तपासणी सुरू केली असतीस. बस आधी. बॅग तरी खाली ठेव.

आई : बसले. बोल.

बाबा : तू गेलीस त्याच आठवड्यातली गोष्ट. दुकान बंद करून दुपारी जेवायला वर आलो, तर खारू बाथरूममध्ये फरशीवर पडलेली. गाल फरशीला लावून. तोंड पांढरंफटक. विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही, गार वाटतं. मला वाटलं गीझरचा शॉक बसला. मी आधी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

आई : मेन स्विच.

बाबा : माणूस आपल्या धंद्याप्रमाणे घाबरतो. मग अंधारात तिने सांगितलं, पाळी आहे, दिवे लाव.

आई : तिला पहिले दोन दिवस जड जातात. मी सांगितलंय तिला, दात आवळून काढायचे. मी काढले. अजून काढते. आजवर एक तपासणी चुकली नाही माझी.

बाबा : तेच म्हणाली ती. ‘आई काढते.’ फरशीवर पडल्या पडल्या. तुझा केवढा अभिमान आहे तिला. पण मी पडलो दुरुस्तीवाला. एखादं मशीन दर महिन्याला आचके द्यायला लागलं तर मी त्याला दात आवळ म्हणत नाही.

आई : माझी मुलगी म्हणजे मिक्सर नाही.

बाबा : म्हणून तर गोंधळ झाला. तिने सांगितलं, पोटाला ऊब मिळाली की बरं वाटतं. आता गरम पाण्याची रबराची पिशवी आणायला बाजारात कोण जाणार? दुकानात इस्त्र्यांचा ढीग. जुन्या रजईचं कापड घेतलं, आत तार फिरवली, बाहेर इस्त्रीचीच डायल बसवली. नायलॉन, रेशीम, लोकर, सुती. दिसायला झकास. तिला दहादा बजावलं, रेशीमवर ठेव.

आई : मग?

बाबा : तिने सुती टी-शर्ट घातला होता.

आई : अगं बाई.

बाबा : म्हणून सुतीवर ठेवला. जसं कापड तशी डायल, हे लहानपणापासून मीच शिकवलंय तिला. अशी हुशार मुलगी.

आई : भाजलं का?

बाबा : लाल चट्टा उठला, फोड नाही. आता डागही नाही. पण चट्टा दाखवायला म्हणून गेलो आणि बाकीचं सगळं तिथे बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा हातात घेतला, डायल एकदा नायलॉनपासून सुतीपर्यंत फिरवून पाहिली. हसल्या नाहीत. फार मोठी बाई. पट्टा खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि म्हणाल्या, घरच्या विजेची तार पुन्हा मुलीच्या अंगाला लावलीत तर मी तुम्हाला खणात ठेवीन.

आई : मला आवडल्या.

बाबा : मलाही. मग खारूला विचारायला लागल्या. कुठे दुखतं, उलटी होते का, शाळा बुडते का, दर महिन्याला येते का. मी भराभर उत्तरं देत होतो.

आई : तू कशाला?

बाबा : गिऱ्हाइकाच्या मशीनबद्दल मीच बोलतो ना. तिसऱ्या उत्तराला त्यांनी चष्मा काढला. ‘पाळी तुम्हाला येते का?’ मग मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.

आई : किती वेळ?

बाबा : पुष्कळ. खारू एवढं बोलते, हे मला ठाऊकच नव्हतं. आत बोलावलं तेव्हा तिचा चेहराच हलका झाला होता. बाई म्हणाल्या, सुरू होऊन दोनच वर्षं झालीत, कधी लवकर, कधी उशिरा हे चालायचंच, शरीर अजून ताल धरतंय. पण फरशीवर पडण्याइतकं दुखणं ‘चालायचंच’मध्ये धरायचं नाही. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं. रक्त थोडं कमी आहे, बाकी ठीक.

आई : हार्मोनच्या गोळ्या तर नाही ना दिल्या?

बाबा : मीही हाच प्रश्न विचारला, याच आवाजात. त्या म्हणाल्या, त्याही औषधच आहेत, त्यांच्या नावाने एवढं दचकायचं कारण नाही. पण आधी दोन-तीन महिने साधं करून पाहू, नाही भागलं तर त्याचाही विचार करू. दुखण्याची साधी गोळी लिहून दिली. किती आणि केव्हा, सगळं. पोटात काहीतरी घालून घ्यायची, आणि कळ यायला लागली की लगेच. आपण काय करत होतो? पोरगी कळवळून अर्धी झाली की गोळी शोधायला निघायचो. म्हणजे वायर जळून गेल्यावर फ्यूज बसवायचा.

आई : पण गोळ्यांची सवय लागते.

बाबा : तेही विचारलं. बाई म्हणाल्या, महिन्यातून दोन दिवस घेतलेल्या त्या गोळीची सवय लागत नाही. सहन करायची मात्र लागते.

आई : ...पुढे?

बाबा : पुढे मी बाजारात गेलो आणि रबराची पिशवी आणली. जी मुळात पहिल्याच दिवशी आणायला हवी होती. पाणी उकळतं नाही, जरा निवलेलं. पिशवी थेट कातडीला लावायची नाही, मध्ये कापड हवं. म्हणून हे बघ.

आई : हा तुझा राखाडी स्वेटर.

बाबा : त्याची एक बाही. खालून टाके घातले, पिशवी आत सरकवली की झालं. बाहीचा आकारच तसा असतो, इतकी वर्षं उगाच हात घालत होतो.

आई : टाके तू घातलेस? शर्टाचं बटण तुटलं की तो शर्टच घालायचा सोडतोस तू.

बाबा : आणि रात्री तिचा फोन माझ्या दुकानाच्या गल्ल्यात, म्हणजे झोप होते. सकाळी काही न खाता पळायचं नाही. पालेभाजी, कडधान्य, अंडं. आणि व्यायाम. हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ फुगवायची, मग आडवं पडून गुडघे छातीशी घ्यायचे. दुखत असेल तेव्हा नुसतं सावकाश चाललं तरी चालतं. एकटीला लाज वाटते म्हणून मीही बरोबर करतो. खाली गिऱ्हाईक टोस्टर घेऊन हाका मारतंय आणि वर मी मांजर.

आई : बघायला हवं होतं मी.

बाबा : उद्या सकाळी बघ. तिसरी जागा केलीय चटईवर.

आई : आणि कॅलेंडरवर हे लाल ठिपके? आल्या आल्या पाहिले. वाटलं दुधाचे खाडे.

बाबा : तिच्या तारखा. तीच ठेवते. बाईंनी बजावलंय, तीन महिने आलीच नाही, तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं किंवा गोळी घेऊनही शाळा बुडायला लागली, तर मांजर-बिंजर सोडून सरळ यायचं.

आई : आहे कुठे ती? या वेळेला तर घरी असते.

बाबा : बोटक्लबवर. तेच सांगायचं राहिलं. तिची जागा जातेय.

आई : नावेतली? का?

बाबा : दर महिन्याला दोन दिवस जात नाही ना. चौघींची नाव. एक नसली की बाकी तिघी काठावर पाय हलवत बसतात. ही दर वेळी सांगायची ताप आला. त्यांचे सर म्हणाले, एवढा वक्तशीर ताप मी पाहिला नाही, आळस आहे हा. रविवारच्या शर्यतीत तिसऱ्या वल्ह्यावर राखीव मुलगी बसवतो म्हणाले. आज संध्याकाळी नावं लावणार आहेत.

आई : ताप.

बाबा : काय झालं?

आई : काही नाही. शाळा तपासायला जाते, वर्गात मुलींची बाकं रिकामी. हेडमास्तरांना विचारलं की म्हणतात ताप. पुढच्या शाळेतही ताप. मी मान डोलावते आणि नळाला पाणी येतं का ते बघायला जाते. एवढा ताप खरा असता तर एव्हाना साथ जाहीर झाली असती.

बाबा : चहा टाकू?

आई : चहा राहू दे. त्या सरांचा नंबर दे. मी सांगते मलेरिया होता.

बाबा : नको. ती गेलीय खरं सांगायला.

आई : काय सांगायला? त्या पुरुषासमोर? एकटी? आणि तू जाऊ दिलंस?

बाबा : मी म्हटलं होतं, मी येतो आणि बोलतो. मला म्हणाली, ‘बाबा, पाळी तुला येते का?’

आई : ...शिकली म्हणायची.

बाबा : दोन वर्षं त्या वल्ह्याने तळहाताला घट्टे पडलेत तिच्या. जागा गेली तर खोटं बोलून जायला नको, एवढंच म्हणाली. मी दुपारपासून एकच मिक्सर उघडतोय आणि बंद करतोय.

आई : थांब. जिन्यावर तीच आहे. चेहरा सरळ कर.

(दार उघडतं. खारू दारातच ओले बूट काढते.)

खारू : आई, तू कधी आलीस? बाबा, सगळं सांगून टाकलंस ना? पट्ट्याचंही?

बाबा : तुझ्या सुतीचंही. सर काय म्हणाले?

खारू : मी गेले तेव्हा ते होडी पुसत होते. मी म्हटलं, सर, ताप कधीच नव्हता, मला पाळीत खूप दुखतं आणि मी खोटं सांगत होते, आता औषध चालू आहे. ते पुसतच राहिले. एकाच जागी. तिथला रंग जाईल असं वाटायला लागलं.

आई : मग?

खारू : मग त्यांनी बाकीच्या तिघींना हाक मारली. मला वाटलं गेली जागा. तर खाली बघून विचारलं, ‘अजून कोणाकोणाला ताप येतो?’ दोघींनी हात वर केला.

बाबा : आणि तिसरी?

खारू : तिला दुखत नाही. ती सगळ्यांना सॉरी म्हणाली.

आई : जागेचं काय झालं ते सांग.

खारू : तिसरं वल्हं माझंच. पण आधी सांगायचं, म्हणजे त्या दिवशी सराव हलका ठेवता येईल. आणि ताप हा शब्द बोटक्लबमध्ये पुन्हा कोणी काढायचा नाही, ज्याला खरंच ताप असेल त्यानेही दुसरा शब्द शोधायचा. बाबा, तुझ्यासाठी निरोप आहे. बोटघरात पाण्याची किटली आहे, बंद पडलीय. सर विचारतायत दुरुस्त होईल का. मुलींना गरम पाणी लागेल म्हणाले.

बाबा : उद्या घेऊन ये.

आई : डायल लावायची नाही तिला.

बाबा : नाही लावत.

खारू : आणि त्या दोघींना पिशवीला अशीच कव्हरं हवीयत. मी कबूल करून आले.

बाबा : माझ्या स्वेटरला आता एकच बाही उरलीय.

आई : कपाटात माझा तो निळा आहे. त्याच्या दोन्ही घे.

खारू : कशाला? तुझी एकच पुरे, आई. एक बाबाची, एक तुझी. झाल्या की दोन.

आई : दोन्ही घे म्हटलं ना. तिसरी माझ्या प्रवासाच्या बॅगेत राहील.