हैबतनानांची न सुटलेली एकादशी

मंडळी, आज एकादशी! तेव्हा एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. देव कुठं राहतो? देवळात? हृदयात? की पंचांगात? — हसू नका! पंचांगात देव ठेवणारा एक पुढारी मला ठाऊक आहे. ऐका!

उंबरगावचे नगराध्यक्ष हैबतराव ढमाळ. सगळा गाव म्हणायचा हैबतनाना. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. आणि एक नेम कडक — एकादशीला खोटं बोलायचं नाही. प्राण गेला तरी नाही!

वा! वाजवा टाळ्या! ...थांबा, थांबा. मग बाकीचे दिवस?

बघा, टाळ्या बंद झाल्या!

दशमीला नाना म्हणायचे, ‘नळ आलाच!’ एकादशीला विचारलं की, ‘नळ आलाय, पाणी नाही.’ लोक काय खुळे आहेत? काम विचारायला एकादशीलाच दारात रांग! मग नाना एकादशीला मौन धरू लागले. देवाशी खोटं नाही, लोकांशी खरं नाही! आहे की नाही हुशारी?

त्या गावात गोदाक्का कुंभारीण चाळीस वर्षं बाजारतळावर माठ मांडून बसायची. तिच्या कानावर आलं — द्वादशीला सभा आहे, बाजार उठणार, तिथं दुकानांची इमारत होणार. पोटच गेलं की हो! आदल्या दशमीला म्हातारी नानांच्या दारात.

“नाना, आमचा बाजार उठनार म्हनं?”

“छे! मी असेपर्यंत कुणाची हिंमत आहे!”

आक्कानं बोटांवर तिथी मोजली. “आज दशमी न्हवं? मग उद्या येती.”

दुसऱ्या दिवशी आक्का हजर, काखेत कोरा माठ! नाना मौनात.

“मौन तर मौन. मान तरी हलीव! बाजार ऱ्हानार का?”

आता आली का पंचाईत! ‘हो’ म्हणून हलवावी तर खोटं, ‘नाही’ म्हणून हलवावी तर बिंग फुटतं. नानांची मान पार लाकूड झाली!

आक्का हळूच म्हणाली, “इठ्ठल तुझ्याकडं म्हैन्यातनं दोनदाच बघतो व्हय रं? बाकीचं दीस काय रजेवर असतो?”

मौन मोडलं. नाना खाली बघत म्हणाले, “आक्का, ती जागा माझ्या मेव्हण्याला द्यायचं ठरलंय.”

आक्का रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. तिनं माठ पायरीवर ठेवला. “तुझ्या आईनं पैला माठ माझ्याकडनंच नेलता. ह्यो शेवटचा. उद्या उपास सोडशील तवा ह्यातलंच पानी पी.”

गेली. आणि नाना दिवसभर त्या माठाकडं बघत बसले. लाज वाटली हो, नुसती लाज!

द्वादशी उजाडली. नानांच्या बायकोनं पान वाढलं. नाना म्हणाले, “मी आज उपास सोडत नाही.”

“अहो, द्वादशीला उपास सोडला नाही तर एकादशीचं पुण्य पदरात पडत नाही!”

“नको पडू दे! जेवलो की माझी जीभ सैल सुटते, मला माहीत आहे. सभा होईस्तोवर माझी एकादशीच राहू दे!”

मंडळी, पुण्य सोडलं, पण खरं धरलं! ह्याला म्हणतात उपास!

सभेत मेव्हणे पुढच्या खुर्चीत, शर्टाला कडक इस्त्री! ठराव वाचून झाला. एका सदस्यानं रिवाज म्हणून विचारलं, “ह्यात अध्यक्षांचं कुणी नात्यातलं नाही ना?”

दरवेळी उत्तर ठरलेलं — नाही! आज नाना उभे राहिले. “आहे! हा काय समोर बसलाय, माझा सख्खा मेव्हणा! जागा बाजाराची आहे, ती बाजारालाच राहू दे!”

मेव्हण्याला असा ठसका लागला! ठराव तिथंच बारगळला. घरी गेल्यावर मेव्हण्याच्या बहिणीनं नानांना काय काय ऐकवलं — ते जाऊ द्या, कीर्तनात भांडणं नकोत!

पण घरी जायच्या आधी नाना गेले बाजारतळावर. “आक्का, भाकरी आहे का? उपास सोडायचाय.”

आक्कानं भाकरीवर ठेचा दिला. नाना पोटभर जेवले, वर आक्काच्याच माठातलं पाणी प्यायले. मग म्हातारीनं डोळे बारीक केले. “आता जेवलास. आता इचारती — बाजार ऱ्हानार?”

“राहणार, आक्का.”

ती त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. “आं? एकादशीवानी बोललास की रं!”

तर मंडळी, आज इथं बसलेले सगळे खरे! पुढच्या रांगेतले सदस्यही खरे — हो हो, तुम्हीच, मागं काय बघता? आणि हा बोलणारा बुवाही आजच्यापुरता खरा! पण उद्या सकाळी पान वाढलं, की पहिला घास हातात घेऊन जरा थांबा. स्वतःला विचारा — आता नुसता उपास सुटतोय, की देवही सुटतोय?