भोंग्यावरचं आमच्या ह्यांचं दुकान

माझा आवाज घरातसुद्धा कुणाला धड ऐकू जात नाही, आणि तोच एकदा अख्ख्या जळकोटभर फिरला, सांगते ना. आमचं कापसाच्या गाद्यांचं दुकान. समोरच फोमच्या गाद्यांचं शोरूम निघालं आणि ऐन लग्नसराईत आमच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. मग ह्यांनी ठरवलं, रिक्षाला भोंगा लावायचा आणि जाहिरात माझ्या आवाजात करायची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच बसल्या होत्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत बोलले, "पाठ टेकली की स्वप्नच पडावं, अशी गादी..." हे डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी "लई भारी," एवढंच म्हणाले.

दुपारी मी एका नव्या गादीवर लवंडले होते. उन्हाच्या तिरिपेत कापूस तरंगत होता आणि गल्ल्यांमधून माझाच आवाज लांबून जवळ येत होता, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

तेवढ्यात हे धावत आले. "अगं, दुकानाचं नावच न्हाई की त्याच्यात!"

दुकानाला नाव ह्यांचंच. "आत्याबाई समोर बसल्या होत्या. त्यांच्यापुढं तुमचं नाव कसं घेऊ? म्हणून 'आमच्या ह्यांच्या दुकानात या' म्हटलं."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "झालं! आता समदे समोर जातील."

दारात एक बाई येऊन उभी राहिली. "पोरीच्या लग्नाला गाद्या पाहिजेत. नवऱ्याचं नाव न घेणारीचं दुकान हेच का? समोर विचारलं, तर त्यांनीच इकडं धाडलं."

"हाव, हेच हाय," आत्याबाई आतून म्हणाल्या. "या, बसा."