रस्त्याकडची भिंत

शैलजा : …आणि नव्या घरात ह्यांच्या खोलीला खिडकी कुठाय, अविनाशभावजी? नकाशा मी उलटा तर नाही ना धरला?

अविनाश : सरळच आहे, वहिनी. रस्त्याकडे नुसती भिंत. उजेड वरून येईल, छताच्या फटीतून. लुई कानसाहेबांनी अमेरिकेत गेल्याच वर्षी तसं आख्खं म्युझियम उभं केलंय.

शैलजा : म्युझियममध्ये मेलेल्यांच्या वस्तू ठेवतात! तुमचे दादा जिवंत आहेत. अर्धं अंग लुळं पडलंय, डोळे शाबूत आहेत.

अविनाश : ऐका तरी. अहमदाबादला त्यांनीच आखलेल्या कॉलेजच्या बांधकामावर आहे मी. केवढाल्या कमानी, भिंतींना गोल गोल भोकं…

शैलजा : पारव्यांची सोय! पन्नाशीपर्यंत ह्या माणसाला कुणी धड काम दिलं नाही, तुम्हीच सांगितलंत. लोक काही खुळे नव्हते.

अविनाश : आणि त्यानंतर? कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा, ढाक्याला संसद! ते विटेला विचारतात, बाई, तुला काय व्हायचंय.

शैलजा : डोंबल! विटेला विचारतात, आणि चेला घरच्या बाईला विचारत नाही. नाव कान, ऐकतात फक्त विटेचं!

अविनाश : चेष्टा पुरे, वहिनी.

शैलजा : का पुरे? इथे नानपुऱ्याच्या घरात हे दिवसभर खिडकीशी पडून असतात. भाजीवाली, बँकेतली माणसं, जो तो जाता-येता हाक मारतो, ‘केम छो, जयंतभाई?’ तेवढंच उरलंय त्यांना. तेही तुमच्या साहेबापायी घालवू? आग लागो त्या अमेरिकेला! खिडकी काढा, नाहीतर अठवा लाइन्सच्या त्या नव्या घरात मी पाऊल ठेवणार नाही.

(अविनाश नकाशा गुंडाळतो, पुन्हा उलगडतो.)

अविनाश : पहिल्या नकाशात होती खिडकी. चांगली मोठी. दादानेच खोडायला लावली.

शैलजा : काहीतरीच!

अविनाश : खरंच. अडखळत म्हणाला, ‘लोक हाक मारतात आणि माझ्या तोंडातून लाळ गळते. अवी, मी कुणाला दिसणार नाही असं घर बांध. तिला सांगू नकोस. तिला वाटतं, मला बरं वाटतं.’ म्हणून मी साहेबांचं नाव पुढे केलं.

शैलजा : अगं बाई… रोज सकाळी मीच खाट खिडकीशी ओढते हो.

अविनाश : वहिनी, रडू नका.

शैलजा : राहू दे ती भिंत. स्वयंपाकघराला मात्र रस्त्याकडे खिडकी काढा. लोक हाक मारायचे थांबणार नाहीत. ओ द्यायला कुणीतरी हवं.