केशवराव तारमास्तरांच्या चार वह्या

अध्यक्ष गुरुजी, केशवरावांच्या घरची मंडळी, आणि वलवणहून, तुंगार्लीहून, थेट परंदवडीहून चालत आलेले तुम्ही सगळे. तुम्हाला माझा नमस्कार आणि सलाम. गुरुजी म्हणाले, इब्राहिम, तू शेवटी बोल, तुझा त्यांच्याशी घरोबा जास्त. मी नको म्हणालो. मी बाजारात अत्तर, कुंकू, बुक्का विकणारा माणूस. मला गिऱ्हाइकाशी बोलता येतं, सभेत बोलता येत नाही. आणि आज तर मी बोलूच नये असं मला वाटतंय. का, ते सांगणार आहे. ते सांगायलाच उभा राहिलोय. पण आधी त्यांच्याविषयी चार शब्द.

केशवराव जाऊन आज चौदा दिवस झाले. आपण सगळे त्यांना तारमास्तर म्हणायचो. उभा जन्म स्टेशनातल्या तारेच्या यंत्रापुढे गेला त्यांचा. ते म्हणायचे, अत्तारभाई, तारेतला एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर घाटात गाडीसमोर गाडी येते. त्यामुळं शब्दाच्या बाबतीत हा माणूस फार कटकट्या. दुकानात येऊन मला विचारायचे, हा वास 'मंद' म्हणायचा की 'हलका'? अहो, मी म्हणायचो, दोन थेंब घ्या आणि जा घरी.

त्यांनी कुराण वाचायला घेतलं, ते का, हे गावात पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हेनं सांगितलं. मी तिथं होतो, म्हणून मी सांगतो.

कासम नावाचा फायरमन होता आमच्यातला. त्याचा आणि मास्तरांचा डबा वर्षानुवर्षं एका बाकावर. कासम तापानं गेला. मास्तर कब्रस्तानात आले, मागं उभे राहिले. सगळं उरकल्यावर परत येताना मला विचारतात, अत्तारभाई, त्याच्यावर काय म्हटलं हो तुम्ही? मी म्हणालो, दुआ. ते म्हणाले, ते कळलं, पण म्हटलं काय? मी म्हणालो, मास्तर, मला ठाऊक नाही.

खरंच ठाऊक नव्हतं. मी लहानपणी कुराण वाचायला शिकलो. सूर चांगला आहे म्हणतात माझा. पण वाचतो त्यातल्या एका अक्षराचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मीही कधी विचारला नाही. मास्तर वाटेत थांबले. म्हणाले, मी त्याचा मित्र, तुम्ही त्याच्या धर्माचे, आणि आपण दोघंही त्याला कोरडेच पोचवून आलो. मला लाज वाटली. राग पण आला. वाटलं, हा कोण मला विचारणारा.

तेव्हा पुण्याचे एक वृद्ध मौलवी हवापालटाला तुंगार्लीत येऊन राहिले होते. मास्तर त्यांच्याकडे गेले. पेन्शनीत निघालेला माणूस पाटी घेऊन अलिफ-बे गिरवायला बसला. मौलवीसाहेब पुढं वारले. तोवर मास्तरांना कोश धरून वाचता यायला लागलं होतं. मग त्यांनी लिहायला घेतलं. कुराणाचा अर्थ, मराठीत. पुस्तकी मराठीत नाही हां, आपल्या बोलण्यातल्या. अकरा वर्षं ते काम चाललं. लढाईत कागद मिळेना, तर रेल्वेचे जुने छापील फॉर्म आणायचे, मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचे आणि दोऱ्यानं शिवायचे. तशा चार जाड वह्या झाल्या. हात धुतल्याशिवाय त्यांना कधी हात लावला नाही.

लोक बोलले. एकजण तोंडावर म्हणाला, मास्तर, बाटायचा बेत आहे का? तर हे शांतपणे म्हणाले, शेजारी काय शिजलंय विचारायला शेजाऱ्याचं आडनाव लावावं लागतं का? आमच्यातलेही बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, अर्थ केला की ते कुराण राहत नाही. मास्तर म्हणाले, कबूल. हे कुराण नव्हेच. मला जेवढं समजलं तेवढंच आहे.

आणि मग रविवारी दुपारी त्यांच्या पडवीत माणसं यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं.

हे धोंडीबा आबा समोर बसलेत. वलवणच्या धरणात यांचं शिवार गेलं. आबा पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेरच बसले आणि म्हणाले, "मास्तर, पान्यात बुडालेल्यांचं त्यात काय हाय का?" मास्तरांनी नूह पैगंबरांची गोष्ट काढली. कोरड्या जमिनीवर ते नाव बांधत होते आणि येणारा जाणारा हसत होता, ती गोष्ट. आबा म्हणाले, "आमी बी हसलो व्हतो. सायेब खांब रोवून म्हनला, पानी हितवर येनार. आमी लय हसलो." त्यानंतर आबांनी एक रविवार चुकवला नाही. त्यांना धर्मातलं काही नको होतं. आपण हसलो त्याचं काय करायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या मेरीबाई, सुईणबाई, त्या येशूच्या आईसाठी, मरियमसाठी आल्या. आपली मरियम कुराणात काय करते, बघू तरी, म्हणाल्या. मास्तरांनी वाचलं. ती एकटी आहे, खजुराच्या झाडाला धरून आहे, आणि म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. मास्तरांनी 'वेणा' लिहिलं होतं. मेरीबाई म्हणाल्या, मास्तर, वेणा पुस्तकात येतात, बाईला कळा येतात. त्यांनी तिथल्या तिथं खोडलं आणि 'कळा' लिहिलं. मग बाई म्हणाल्या, आमच्यात गोठा आहे, तारा आहे, मेंढपाळ आहेत. कळा नाहीत. आणि डोळ्याला पदर लावला. मी बाईंना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

एक तरुण वकील यायचे. खोडी काढायला येतो, असं सांगूनच यायचे. मास्तर त्यांना पहिला चहा द्यायचे. म्हणायचे, खोडी काढायची तरी वाचायला लागतंच की.

आणि माझी थोरली बहीण, हमीदा आपा. विधवा आहे, माझ्याकडेच असते. आम्ही मावळातले मुसलमान. घरात मराठी, दारात मराठी, स्वप्नं पडतात ती मराठीत. फक्त नमाज अरबीत. आपा दिवसातून पाच वेळा जे म्हणते त्याचा अर्थ मास्तरांनी तिला पहिल्यांदा सांगितला. म्हणाले, आपा, तुम्ही इथं वाट विचारताय, सरळ वाट कुठली ते. आपा म्हणाली, "मंजे मी रोज वाट इचारत व्हते? मला वाटायचं, मी हजेरी लावतीय." त्या दिवसापासून तिची नमाज लांबली. सावकाश म्हणायची, एकेक शब्द धरून. मी जेवायला ताटकळायचो.

आता मूळ गोष्ट. इथून पुढं कुणी मला थांबवू नका.

मास्तर गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा रघुनाथ माझ्या दुकानात आला. नदीवर अस्थी घेऊन निघाला होता. म्हणाला, "चाचा, बाबांच्या कपाटात कुराणाचे कागद आहेत. घरात गर्दी आहे, लहान मुलं आहेत, कुणाचा पाय लागायचा. तुमच्यात अशा कागदांचं काय करतात?" मी बुक्क्याची पुडी बांधत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, वाहत्या पाण्यात सोडतात, नाहीतर जमिनीत पुरतात. पायदळी येऊ देत नाहीत.

हे बरोबर आहे. आमच्यात तेच करतात. जीर्ण झालेल्या, सुट्या पडलेल्या पानांचं तेच करतात. मास्तरांकडे मी दिलेली एक जुनी छापील प्रत होती, पानं निखळलेली. मला वाटलं, पोरगा तिच्याविषयी बोलतोय. कुठले कागद, एवढं मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यापुढं जुन्या फॉर्मांच्या वह्या होत्या, आणि माझ्या उत्तराचं त्यालाही वेगळं काही वाटलं नाही, कारण तुमच्यातही पोथी जीर्ण झाली की नदीलाच देतात. दोघांचा रिवाज एकच निघाला. एकाला जरी रिवाज ठाऊक नसता, तरी त्या वह्या वाचल्या असत्या.

रघुनाथनं चारही वह्या लाल रुमालात बांधल्या, कुंकू वाहिलं, हात जोडले, आणि बापाच्या अस्थींबरोबर इंद्रायणीत सोडल्या. नदी दोन्ही काठ भरून होती. दुसऱ्या दिवशी तो ती छापील प्रत घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, हा ग्रंथ मात्र छापील आहे चाचा, हा तुमच्याकडेच असू द्या. ज्याच्या हजारो प्रती जगात आहेत, तो माझ्या हातात ठेवला.

रघुनाथ, मान वर कर. तू बापाचा मान राखायला गेलास. तू मला विचारलंस, जाणता म्हणून विचारलंस. चूक माझी आहे.

आबा आणि त्यांचा पुतण्या काठाकाठानं कामशेतपर्यंत गेले. दोन दिवस शोधलं. निरगुडीच्या झुडपात अडकलेला रुमाल सापडला. गाठ तशीच होती. आम्ही पानं सोडवून माझ्या माळ्यावर वाळत घातली. रेल्वेची छापील बाजू स्वच्छ वाचता येते. गाडीचा नंबर, वेळ, सहीची जागा. मास्तरांच्या बाजूला निळे डाग आहेत. पुडी पाण्यात कालवून केलेली शाई, ती नदीत काय टिकणार?

गेल्या रविवारी आम्ही त्याच पडवीत बसलो. म्हटलं, आठवेल तेवढं पुन्हा लिहून काढू. आबांना लोकांचं हसणं आठवलं. मेरीबाईंना खजुराचं झाड. वकिलांना त्यांनी काढलेल्या खोडी आठवल्या, उत्तरं आठवली नाहीत. जो तो आपल्यापुरतं घेऊन गेला होता. मधलं सगळं एकट्या मास्तरांकडे होतं. दोन पानं झाली आणि आम्ही उठलो.

तुम्ही म्हणाल, दुसरा कुणी करील. कोण करील? मला नाव सांगा. या मावळात मराठीही पुरती येते आणि अरबीही उलगडते, असा एक माणूस मला दाखवा. हल्ली तर एकमेकांच्या पडवीत बसायलाच लोक बिचकतात. वर्षभरात काय काय कानावर येतंय, तुम्हीही ऐकताय. मला आशा नाही. असती तर मी इथं सांगितली असती, कारण शोकसभेत तसं सांगायची पद्धत आहे.

काल दुपारी आपा नमाजला उभी राहिली आणि मधेच थांबली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "सुरवातीचं तेवढं कळतंय. म्होरचं मास्तर सांगनार व्हते. इब्राहिम, तुला न्हाई का रं येत?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "आदी काईच कळत नव्हतं, तवा बरं व्हतं बाबा." आणि चटई गुंडाळून ठेवली. माझी बहीण सत्तरीची आहे. तिनं चटई अशी मधेच उचललेली मी जन्मात पाहिली नव्हती.

गुरुजी, मला अरबी दुआ म्हणायला सांगितलंय. ती मी आज म्हणणार नाही. सगळ्यांनी उभं राहावं, दोन मिनिटं गप्प राहावं. केशवराव, तुमच्या अकरा वर्षांवर मी मान वर न करता एक वाक्य बोललो. तुम्हाला माझा शेवटचा सलाम.