दाराशी चपलांची ओळ

तुमाले हसू येईन, पण ऐका. आमची पिहू एवढी मोठी झाली तरी बोलत नाही. पण चपला दिसल्या की तिले राहवत नाही, जोड्या जुळवून ओळीत मांडते. राजापेठेतल्या आमच्या घरी पहिले खूप लोक यायचे, तेव्हा हे काम तिले पुरत होतं. मंग येणंजाणं कमी झालं. कोणी भांडलं नाही, नुसतं येणं थांबलं.

संक्रांतीनंतर एक दिवस मी दूध घेऊन आली, तर दारासमोर बायांच्या चपलांची ही लंबी ओळ. जिन्यातच केस सारखे केले, हसत हसत आत गेली. आत फक्त पिहू अन् तिचे पप्पा.

"कोण आलं?"

"कोणी नाही," हे म्हणे.

तेवढ्यात समोरच्या वहिनीचं दार उघडलं. तिच्याकडं हळदीकुंकू होतं, मले बोलावणं नव्हतं. तिथल्या साऱ्या चपला पिहूनं उचलून आमच्या दाराशी आणल्या होत्या. बाया शोधत आल्या.

म्हणलं, "आल्याच आहा तर बसा न, चहा ठेवते."

"येऊ वो कधी तरी," वहिनी म्हणे. बाकीच्या खाली पाहून चपला घालत होत्या.

सगळ्या गेल्या. चहा तर मी ठेवलाच. दार लावाले गेली तर पायते, पिहूनं घरातल्या साऱ्या जुन्या चपला, माझे लग्नातले सँडलसुद्धा, बाहेर ओळीत मांडल्या होत्या.

मी उचलल्या नाही. आमी तिघं आत चहा पेत बसलो. जिन्यातून कोणी गेलं असतं तर म्हणलं असतं, यांच्याकडं आज पाहुणे आहेत.